एका खड्ड्याचे अडतीस मिलिव्होल्ट

सरकारी दप्तरात एका मीटरच्या नावावर एक दोष लिहिलेला आहे. मीटरात दोष नव्हता. ज्याचा दोष होता त्याचं नाव लिहायला तेव्हा कोणी तयार झालं नाही, आणि मला सांगण्यात आलं की तुमचं काम झालं ना, मग आता कशाला बोलता? नोकरीत असेपर्यंत बोललो नाही. आता पेन्शन खातो आहे, आणि संपादकांनी नोकरीतला एखादा अनुभव लिहायला सांगितलं आहे. विहिरी, बोअर, धरणं यांच्या पुष्कळ गोष्टी सांगता येतील. पण लिहायला बसलो की हात त्याच गोष्टीकडे जातो, कारण तिचा राग अजून उतरलेला नाही.

आधी माझं काम काय होतं ते सांगतो. जमिनीखाली पाणी कुठं आहे याचा अंदाज यंत्रानं घ्यायचं काम. वाशीम तेव्हा अकोला जिल्ह्यातला एक तालुका होता. माझे वडील रेल्वेत गँगमन, जऊळका स्टेशनजवळच्या क्वार्टरात आमचं लहानपण गेलं. आमचं घर बौद्ध. घरात शाळेची पायरी पहिल्यांदा मी चढलो आणि कॉलेजचीही मीच. पदार्थविज्ञान घेऊन बी.एस्सी. झालो ते शिष्यवृत्तीमुळे आणि अकोल्याच्या एका मास्तरांमुळे, ज्यांनी प्रयोगशाळेची किल्ली माझ्या हातात देताना कधी दोनदा विचार केला नाही. नोकरीचा कागद आला तेव्हा वडिलांनी तो उलटासुलटा पाहिला आणि म्हणाले, "यंत्राचं काम भेटलं ते बरं झालं बावा. यंत्र आडनाव इचारत नाही."

हे वाक्य मी पुढं कितीतरी दिवस मनात बाळगलं.

मोजणीची रीत अशी. जमिनीत एका रेषेत चार ठिकाणी संपर्क करायचा. बाहेरच्या दोन लोखंडी खुंट्यांमधून बॅटरीचा प्रवाह जमिनीत सोडायचा. आतल्या दोन ठिकाणांमध्ये किती व्होल्टचा फरक पडतो तो मोजायचा. कठीण काळा दगड प्रवाहाला अडवतो, म्हणून फरक जास्त पडतो. फुटका, भेगांचा, पाणी धरलेला दगड प्रवाहाला वाट देतो, म्हणून फरक कमी पडतो. बाहेरच्या खुंट्या जितक्या लांब न्याव्या तितकी खोलवरची खबर मिळते, पण तितका तो फरक बारीक होत जातो. व्होल्ट राहत नाही, मिलिव्होल्ट उरतात. व्होल्टचा हजारावा भाग.

एवढं बारीक मोजताना जगातली प्रत्येक गोष्ट मध्ये तोंड घालते. लोखंडाची खुंटी ओल्या मातीत गेली की ती स्वतःच एक छोटी बॅटरी बनते. म्हणून आतल्या दोन ठिकाणी आम्ही खुंट्या वापरत नसू, मातीची बोळकी वापरत असू. कुंभाराकडून न झिलई केलेली दोन बोळकी आणायची, त्यांत मोरचुदाचं गडद निळं पाणी भरायचं आणि तांब्याची कांडी सोडायची. बोळकं हळूहळू पाझरतं आणि जमिनीशी शांतपणे जोडलं जातं. दोन्ही बोळकी आधी एकाच ओल्या खड्ड्यात शेजारी बसवून पाहायची. फरक एका मिलिव्होल्टच्या आत आला तरच ती जोडी कामाची. ज्या खड्ड्यांत ती बसवायची ते खड्डे आदल्या संध्याकाळी खणून त्यांत सारखं पाणी घालून ठेवायचं, म्हणजे रात्रभर ओल मुरते आणि सकाळी दोन्ही खड्डे एकसारखे असतात.

पहिली काही वर्षं आमच्याकडे काट्याचं मीटर होतं. ते मोजता मोजता स्वतःच थोडा प्रवाह पिऊन घेई. वाटीभर दूध किती आहे ते पाहायला सांगावं आणि पाहणाऱ्यानं अर्धं पिऊन उरलेलं सांगावं, तसं. आणीबाणी उठल्यानंतर केव्हातरी खात्याला डिजिटल मल्टिमीटर मिळालं. लाल आकड्यांचं. ते जवळजवळ काहीच प्यायचं नाही आणि मिलिव्होल्टचा दहावा भाग दाखवायचं. पहिल्या दिवशी मी ते अंगोछ्यात गुंडाळून मांडीवर ठेवून नेलं. एकच खोड होती. आपल्याकडच्या उन्हात ते लाल आकडे दिसतच नसत. मग खात्यातले मजूर शामराव त्याच्यावर काळी छत्री धरून उभे राहत. गावोगावची माणसं हसायची, "मीटरले सावली अन् सायबाले ऊन! मोठं कोण आहे तं कळूनच राह्यलं." मी साहेब नव्हतो, पण हातात यंत्र असलं की लोक म्हणत.

अचूक मोजणीचे नियम मला आमच्या वरिष्ठांनी शिकवले. अकोल्याहून येणारे, हुशार, मिशा बारीक कातरलेले. त्यांना इथं नुसतं साहेब म्हणतो. पहिल्याच महिन्यात त्यांनी मला सांगितलं होतं की एकदा घेतलेला आकडा हा आकडा नसतो. मीटरच्या दोन्ही तारा एकमेकींना जोडून शून्य येतं का पाहा. मग प्रवाह बंद ठेवून जमीन स्वतः काय दाखवते ते पाहा. मग प्रवाह सोडा, वाचा. मग प्रवाह उलटा करा, पुन्हा वाचा. दोन्हींत जे सारखं आहे तेच जमिनीचं, बाकीचं उपरं. आकडा स्थिर होईपर्यंत थांबा. हात ओला असेल तर क्लिपला लावू नका. हे सगळं त्यांनी एका बांधावर बसून, स्वतःच्या डब्यातली भाकर माझ्यापुढं सरकवत शिकवलं होतं. ते मी विसरलेलो नाही, म्हणूनच पुढचं जास्त लागलं.

या नियमांनी मला एकदा कारंज्यात वाचवलंही होतं. तिथल्या एका कापसाच्या व्यापाऱ्यानं सरकी काढायच्या जिनाच्या आवारात मोजणी करून मागितली. पाणी हवं म्हणाला, पण जागा दाखवत होता ती जुन्या भिंतीच्या पायथ्याची. मीटरचे आकडे वेड्यासारखे नाचत होते. मी म्हटलं, जिनाची मोटर बंद करा. मोटर बंद झाली, आकडे बसले. व्यापारी हळूच जवळ आला आणि विचारू लागला की भांडं कितपत खोल असेल. कसलं भांडं? तर आजोबांनी पुरलेल्या मोहरांचं. मोटर सुरू असताना आकडे नाचले तेव्हा त्याची खात्री झाली होती की खाली धन आहे. मोटर बंद केल्यावर आकडे थांबले, तर म्हणाला, "तुमी लपवून राह्यले जी. एवढी शिकेल माणसं, अन् असं करता?" त्याला मीटर समजावून सांगताना माझा सगळा दिवस गेला. तेव्हा फार हसू आलं होतं.

आता ती गोष्ट. अनसिंगच्या पलीकडचं एक गाव. नाव लिहीत नाही, कारण त्या गावात आज माझे स्नेही आहेत. टंचाईच्या गावांना पिण्याच्या पाण्यासाठी एकेक बोअर आणि त्यावर हापशी मंजूर झाली होती. गावाला एकच. बोअरची गाडी ठरलेल्या दिवशी येणार, एक भोक पाडणार आणि पुढच्या गावाला जाणार. जागा आम्ही ठरवायची.

त्या गावात एक सार्वजनिक विहीर होती. सार्वजनिक असा शब्द तिच्या कठड्यावर रंगवलेलाही होता. बौद्ध वस्तीतल्या बाया तिच्यापासून थोड्या अंतरावर भांडी मांडून उभ्या राहत. कोणी पोहरा ओतला तर भरायचं, नाही ओतला तर उभं राहायचं. कायदा होऊन किती वर्षं झाली होती ते वाचकांना ठाऊक आहे. मी पहिल्यांदा गेलो त्या सकाळी आठ-दहा भांडी रांगेत होती आणि विहिरीवरच्या बाया आपापसात बोलत पाणी नेत होत्या. त्या रागानं वागत नव्हत्या. त्यांना तिथं कोणी उभं आहे हे दिसतच नव्हतं.

मी दोन जागा मोजल्या. एक देवळापुढच्या पटांगणात, कारण सरपंचांची ती इच्छा होती. दुसरी वस्तीच्या मागं, नाल्याच्या काठी, कारण तिथली झाडं आणि उताराची ठेवण मला बरी वाटली. नाल्यावर बोळकी बसवत होतो तेव्हा गयाबाई नावाची एक बाई कमरेवर रिकामी घागर घेऊन येऊन उभी राहिली. चाळिशीची, उंच, आवाज मोठा.

"दादा, पाणी शोधून राह्यले का जमिनीले निळं औषध पाजून राह्यले?"

मी म्हटलं, जमिनीची नाडी पाहतो आहे.

"पाहा बाप्पा. तिले ताप असंल तं आमाले नका सांगू. आमच्या डोक्याले लई ताप आहे."

मोजणी झाली. देवळापुढं खुंट्या लांब नेल्या तेव्हा साठाच्या आसपास मिलिव्होल्ट आले. खाली सलग कठीण दगड. नाल्यावर तेवढ्याच अंतरावर, तेवढ्याच प्रवाहाला पंधरा आले. उलटा प्रवाह करून पाहिला, पुन्हा पंधरा. खाली दगड फुटलेला आणि ओला. मी नाल्याची जागा लिहून दिली आणि दगडावर चुन्यानं खूण केली. गयाबाईनं विचारलं, ही खूण कायची? मी सांगितलं. जाताना ती त्या दगडाला वळसा घालून गेली, जसं कोणी झोपलेल्या माणसाला घालतं.

आठवडाभरात तालुक्याला तक्रार गेली. मोजणाऱ्यानं आपल्या लोकांकडे कल दिला, अशी. पहिल्याच दिवशी सरपंचांनी मला चहा पाजता पाजता आडनाव विचारलं होतं आणि मी सांगितलं होतं. एरवी आमच्या मोजणीवर लोक शंका घेत, यंत्र नवं आहे, हवामान बरोबर नाही, खुंटी तिरपी आहे, असं म्हणत. ते चालतं. पण इथं माझ्या पंधरा मिलिव्होल्टना जात चिकटवली होती. ज्या आकड्यासाठी मी दोनदा तारा उलटवल्या, छत्रीखाली डोळे ताणून थांबलो, तो आकडा केवळ माझ्या आडनावामुळे खोटा ठरत होता. नोकरीत बरेच अपमान गिळले, पण हा घशातच राहिला.

साहेब फेरमोजणीला स्वतः यायचे ठरले. मला वाटलं, चांगलंच झालं. ते नियमानं मोजतील आणि प्रश्न मिटेल.

आदल्या संध्याकाळी मी आणि शामराव गावात पोचलो. पहिल्या वेळी खड्डे सरपंचांच्या गड्यांनी खणले होते; या वेळी वस्तीतली दोन माणसं मजुरीवर घेतली, देवळापुढच्या जुन्याच रेषेवर त्यांच्याकडून खड्डे खणवले आणि सारखं पाणी घालून ठेवलं. आतल्या दोन खड्ड्यांपैकी एक पटांगणाच्या दगडी कडेच्या आत येत होता आणि दुसरा कडेच्या बाहेर, गाडरस्त्याच्या बाजूला. पाणी जिरल्यावर आम्ही शाळेच्या खोलीत मुक्कामाला गेलो.

सकाळी साहेब जीपनं आले. सरपंच, त्यांचे दोघे-तिघे सोबती आणि पारावर बसलेली त्यांची म्हातारी आई. वस्तीतली माणसं रस्त्यापलीकडे उभी. गयाबाई त्यांच्या पुढं. सगळ्यांना माहीत होतं की आज काय ठरायचं आहे. देवळापुढं हापशी बसली तर वस्तीला पुन्हा कोणी पाणी देईल याची वाट पाहायची. नाल्यावर बसली तर स्वतःच्या हातानं पाणी.

मी नेहमीप्रमाणे बोळकी खड्ड्यांत बसवली आणि प्रवाह बंद ठेवून वाचायला वाकलो. साहेब म्हणाले, "राहू दे ते. ऊन चढतंय. सरळ प्रवाह सोड आणि एका बाजूनंच घे, उलटा नको."

मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी घड्याळाकडे पाहिलं.

जवळच्या खुंट्यांना, जिथं फरक शेकड्यांत असतो, आकडे पहिल्या दिवसासारखेच आले, जरा कमी. खुंट्या लांब जाऊ लागल्या तसे ते झपाट्यानं उतरू लागले. शेवटच्या अंतरावर, जिथं साठ यायला हवे होते, तिथं बावीस आले. साहेबांनी आकडे मांडले. कागदावर चित्र स्वच्छ होतं. वर कठीण, खाली पाणी. नाल्यासारखंच. सरपंच मागून म्हणाले, "म्या सांगतलंच होतं सायेब. देवाच्या दारी पाणी नाही तं कुठं राहीन?"

पंधरा दिवसांत दगड फुटत नाही. मी साहेबांना न विचारता प्रवाह तोडला आणि छत्रीखाली वाकलो. प्रवाह बंद असताना आकडा पाच-सहाच्या वर जायला नको होता. मीटर दाखवत होतं उणे अडतीस. आणि तो आकडा थांबत नव्हता, हळूहळू सरकत होता.

"साहेब, जमीन स्वतःच अडतीस दाखवते आहे. साठातून तेच वजा होतंय."

"मीटर बिघडलं असेल."

मी दोन्ही तारा एकमेकींना जोडल्या. शून्य. मी म्हटलं, बोळकं बिघडलं असेल तर तेही पाहू. दोन्ही बोळकी उपसली आणि जागा बदलल्या. या खड्ड्यातलं त्या खड्ड्यात, तारा मात्र ज्या त्या खड्ड्याच्याच ठेवल्या. दोष बोळक्यात असता तर उणेचं अधिक झालं असतं. उणेच राहिलं. अडतीस होतं ते सदतीसवर आलं होतं, एवढंच. म्हणजे दोष मीटरचा नव्हता, बोळक्याचा नव्हता. एका खड्ड्याचा होता.

साहेब खाली बसले. कडेच्या आतल्या खड्ड्यातली चिमूटभर माती त्यांनी बोटांनी उचलली, नाकाशी नेली आणि लगेच खाली टाकली. त्यांना माझ्या आधी कळलं, हे त्यांच्या चेहऱ्यावरून मला कळलं. त्यांनी रुमालानं बोटं पुसली आणि रुमाल घडी न घालता खिशात कोंबला.

मीही माती उचलली. गोमूत्राचा वास. ताजा.

कोणी विचारायच्या आधीच पारावरून सरपंचांची आई बोलली. लपवण्यासारखं काही केलंय असं तिच्या आवाजात अजिबात नव्हतं. सकाळी अंगण सारवलं, असं सांगावं तसं तिनं सांगितलं.

"गाईचं वतलं म्या, पहाटे. काल त्याईनं खणलं ना तिथं. देवाच्या हद्दीत होतं."

मी विचारलं, "आजी, बाहेरच्या खड्ड्यात नाही ओतलं?"

"तिथं कायले? तो तं रस्ता होय."

सरपंच दबक्या आवाजात म्हणाले, "माय, तू घरात जाय."

"जातो ना. पण इचारून राह्यला तं सांगतलं. त्यानं काय यंत्राले बाधते का?"

तिला खरोखर उत्तर हवं होतं. मी काय सांगणार? दोन्ही खड्डे बाटलेले मानून दोन्हींत सारखं ओतलं असतं, तर फरक जवळजवळ मिटून गेला असता आणि आम्हाला पत्ताही लागला नसता. पण शिवाशिव देवाच्या हद्दीपर्यंतच होती. एक खड्डा शुद्ध केला, एक सोडला. गोमूत्रात क्षार असतात, मोरचुदाच्या बोळक्याला साधं पाणी आणि ते पाणी एकसारखं लागत नाही. मीटरनं फक्त दोन खड्ड्यांतला भेद दाखवला. त्याचं कामच ते होतं.

रस्त्यापलीकडून गयाबाईनं हाक मारली, "काय निंघालं दादा?"

साहेबांनी मला दंडाला धरून जीपमागं नेलं. तिथं जे बोलणं झालं ते मी शब्दशः लिहू शकतो.

मी म्हटलं, "कारण लिहा साहेब. आतल्या खड्ड्यात गोमूत्र ओतल्यामुळे फेरमोजणी बाद, असं."

"आणि का ओतलं, तेही लिहू?"

"हो."

"हा गुन्हा आहे, माहीत आहे ना? पोलीस येतील. म्हातारीचा जबाब होईल. बोअरची गाडी पुढच्या गावाला निघून जाईल. तुझ्या लोकांना पाणी मिळणार नाही."

"माझ्या लोकांना?"

इतक्या वर्षांत त्यांनी हे शब्द माझ्यापुढं कधी वापरले नव्हते. बांधावर बसून भाकर सरकवणाऱ्या माणसाच्या तोंडून ते आले. मग त्यांनी आवाज खाली आणला आणि म्हणाले, "मी पहिली मोजणी कायम ठेवतो. नाल्यावरच बोअर होईल. तुला तेच हवं होतं ना?"

मला तेच हवं होतं का? मला ते तर हवंच होतं. पण तक्रार माझ्या प्रामाणिकपणाविरुद्ध होती, आणि माझा आकडा खरा होता हे सिद्ध झालेलं असताना ते सिद्ध झालं असं कुठंच लिहिलं जाणार नव्हतं. त्यांनी जीपच्या बॉनेटवर कागद ठेवून लिहिलं की मापन यंत्रातील दोषामुळे फेरमोजणी रद्द, मूळ मोजणी ग्राह्य. मी म्हटलं, यंत्रात दोष नाही, माझा शेरा खाली घ्या. ते म्हणाले, "तुझा शेरा कोणी मागितलेला नाही." आणि सही केली.

जीपमध्ये शामराव मीटरची पेटी मांडीवर घेऊन बसले होते. त्यांनी माझ्याकडे दोनदा पाहिलं. "जितलो ना आपण? मंग तोंड काहून असं?" मी म्हटलं, शामराव, पेटीतलं हे मीटर आज खोटं ठरलं. ते म्हणाले, "थ्याले काय कळते?" वडील म्हणाले होते की यंत्र आडनाव विचारत नाही. खरंच होतं ते. यंत्रानं विचारलं नाही. ज्यांनी विचारलं त्यांचं काही बिघडलं नाही आणि ज्यानं विचारलं नाही त्याच्या नावावर दोष लागला.

कागदावर दोष चढला म्हणजे पुढची कारवाई आलीच. मीटर दुरुस्तीसाठी पुण्याला पाठवण्यात आलं, ऐन टंचाईच्या दिवसांत. तो सगळा उन्हाळा मी काट्याच्या मीटरवर काढला. कोरड्या जमिनीत तो काटा निम्मं पिऊन निम्मं सांगायचा. त्या उन्हाळ्यात मी ठरवलेल्या दोन गावांच्या जागा चुकल्या. तिथं बोअरमधून नुसता दगडाचा कोरडा भुकटा निघाला. त्या गावांतल्या लोकांनी मला शिव्या दिल्या. त्यांना कोण सांगणार की तुमचं पाणी अनसिंगपलीकडच्या एका खड्ड्यात मुरलं? एका घराची लाज झाकायला तिथं चांगलं यंत्र बिघडलेलं ठरवलं गेलं, त्याची किंमत त्या गावांनी भरली. आजही त्या गावांची नावं एसटीच्या पाटीवर दिसली की मी नजर वळवतो, आणि मग स्वतःचाच राग येतो की नजर मी का वळवायची?

पावसाळा संपताना मीटर परत आलं. सोबत एक चिठी होती. तपासणी केली, दोष आढळला नाही. मी ती साहेबांपुढं ठेवली. म्हटलं, आता तरी मूळ कागद दुरुस्त करा. त्यांनी चिठी वाचली, फाइलीत लावली आणि मला चहा सांगितला. साहेब वाईट नव्हते, हे मी आजही म्हणतो. पण चांगल्या माणसांनी असं वागायचं ठरवलं की वाईट माणसांना काही करायची गरजच उरत नाही.

नाल्यावर बोअर झाला होता आणि पाणी चांगलं लागलं होतं, हे मला कानावर आलं होतं. दिवाळीआधी एक दिवस मी रजा घेऊन एसटीनं त्या गावी गेलो. काम काहीच नव्हतं. हापशी पाहायची होती.

ती उभी होती, चुन्याची खूण जिथं होती तिथंच, खाली सिमेंटचा ओटा. वस्तीतल्या बाया पाणी भरत होत्या. थोड्या वेळानं गावातल्या दोघी घागरी घेऊन आल्या. यंदाही पाऊस ओढला होता आणि विहीर खाली गेली होती, मग त्यांना यावंच लागत होतं. एकीच्या हातात गडवा, म्हणजे लहानसा तांब्या होता. तिनं आधी हापशीच्या दांड्यावर गडव्यातलं ओतलं, पदरानं पुसलं आणि मग दांडा धरला. वास माझ्यापर्यंत आला. तोच वास.

माझं डोकं फिरलं. मी पुढं झालो, काहीतरी बोलणार होतो. गयाबाई ओट्यावर भांडं घासत होती, तिनं मान वर करून मला पाहिलं आणि ओळखलं.

"बसा दादा. रोजचंच आहे. धुऊन राह्यल्या तं धुऊ द्या. आमची हापशी चकचकीत राह्यते. दुसऱ्या गावच्या पाहा, कशा गंजल्या."

त्या दोघींनी ऐकलं, ऐकलं नाही असं केलं आणि पाणी घेऊन गेल्या. गयाबाईनं मला लोट्यातून पाणी दिलं. गार होतं, दगडातल्या पाण्याला असते तशी चव. मग तिनं तिच्या मनात राहिलेली गोष्ट विचारली. त्या दिवशी देवळापुढं मी मीटरवर काय पाहिलं होतं? लोक म्हणत होते की म्हातारीनं वतलं ते मशीनमधी दिसलं. खरं का?

मी म्हटलं, खरं आहे.

"आकडा आला म्हंता?"

"आला. अडतीस मिलिव्होल्ट."

"म्हंजे लई का थोडं?"

मी इकडेतिकडे पाहिलं. माझ्या पिशवीत टॉर्च होता. त्यातला एक सेल काढून तिच्या हातावर ठेवला. म्हटलं, या एका सेलमध्ये जेवढा जोर असतो, त्याचे चाळीस भाग करायचे. त्यातला एक.

तिनं सेल बोटांत धरून फिरवून पाहिला. उन्हात धरला, पुन्हा फिरवला. मागं रांगेत उभ्या असलेल्या पोरीसोरी गोळा झाल्या होत्या, त्यांनाही दाखवला.

"एवढुसंच?" ती म्हणाली. "आमाले तं जनमभर लई मोठं वाटत आलं."

सेल मला परत दिला आणि ती हापशीकडे वळली. दांडा अजून ओला होता. तिनं तो पुसला नाही. तसाच धरला आणि पाणी उपसू लागली.